गाळलेल्या जागा

‘सोपं करून देतो’ असं म्हणणाऱ्या माणसापासून मी चार हात दूर राहतो. आजवर ज्यांनी ज्यांनी मला काही सोपं करून दिलं, त्यांनी त्यातलं काहीतरी काढून घेतलं. शाळेत गाईडवाल्यांनी मराठी सोपं करून दिलं, त्यात कविता गेली. दुकानदारानं हप्ते सुलभ करून दिले, त्यात पगार गेला. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थानं ‘मुलगी स्वभावानं अगदी सोपी आहे’ असं सांगितलं होतं. पण तो या लेखाचा विषय नाही, आणि माझे लेख आधी घरात वाचले जातात.

विषय आमच्या भाच्याचा आहे. परतवाड्याचा पोट्टा, पुण्यात इंजिनियर झाला, चार वर्षं नोकरी केली आणि आता घरी बसून (‘बसून’ हा शब्द त्याच्या वडिलांचा, तो स्वतः ‘स्टार्टअप’ म्हणतो) एक ए.आय.चं साधन बनवतोय. ज्यांनी जन्मात कधी व्हिडिओ एडिटिंग केलं नाही अशा नवशिक्यांसाठी. म्हणजे माझ्यासाठी, माझ्या शेजाऱ्यांसाठी आणि संत्र्याच्या मंडीत उभं राहून भाव सांगणाऱ्या त्या पोरासाठी.

आधी त्याचं कौतुक करून घेतो, कारण पुढे जागा उरणार नाही. मोबाईलवर काढलेलं चित्रण या साधनात टाकायचं. ते सगळं बोलणं ऐकतं आणि टाइप करून समोर ठेवतं. मग त्या मजकुरातलं एखादं वाक्य आपण खोडलं की चित्रातलाही तेवढा तुकडा कापला जातो. पत्राचा कच्चा खर्डा दुरुस्त करावा तसा सिनेमा दुरुस्त करायचा. इथवर मी टाळ्या वाजवायला तयार आहे. परतवाड्यात लग्नाच्या कॅसेटचं ‘मिक्सिंग’ दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून व्हायचं ते दिवस मी पाहिलेत. कॅसेट तीन महिन्यांनी मिळायची, तोवर नवरी बाळंतपणाला माहेरी पोचायच्या बेतात असायची. आणि एवढं थांबून बघावं तर नवरदेव बदामात, नवरी कमळात आणि सासरे धबधब्यात. हे कष्ट वाचले तर कुणाला नकोत?

हाताचे कष्ट वाचवायला माझा विरोध नाहीच. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावला आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट टिपत अंकुराची वाढ पडद्यावर आणली. त्यानंतर ‘राजा हरिश्चंद्र’ करताना कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई फाळके घरात करत होत्या. १९१३ च्या त्या माउलीला कुणी एखादं यंत्र आणून दिलं असतं तर मी स्वतः त्याला हार घातला असता. पण एक लक्षात घ्या. त्या वाटाण्याच्या चित्रात फाळक्यांनी दिवसच्या दिवस गाळले. किती गाळायचे ते मात्र कुंडीसमोरच्या माणसानं ठरवलं, कॅमेऱ्यानं नाही.

भाच्याचं यंत्र ते स्वतःच ठरवतं. आणि माझं भांडण इथं सुरू होतं.

अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त शांतता आली की ते कापतं. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘मंग’ असले शब्द आले की कापतं. तीच गोष्ट दोनदा बोललेली सापडली की एक ठेवतं, एक कापतं. मग खाली अक्षरं उमटवतं, बोलण्यात आलेल्या वस्तूंची चित्रं आपल्या पोतडीतून काढून मध्ये घालतं आणि मागं वाजंत्री लावतं. हे सगळं न विचारता. परतवाडा हे लाकडाचं गाव. मेळघाटातला सागवान इथं आरा मशीनवर येतो. तिथलाही कारागीर ओंडका आऱ्याला लावण्याआधी दोनदा फिरवून बघतो. आणि तिथला भुसासुद्धा फेकत नाहीत, पोत्यानं विकतात. या यंत्राला भुसा ओळखायची भारी घाई, आणि त्याची किंमत ठाऊक नाही.

पहिला प्रयोग माझ्या आईवर झाला. वय चौऱ्याऐंशी. नातवानं मोबाईल धरला आणि म्हणाला, “आजी, तू लग्न होऊन शकुंतलेनं आली होतीस ना, ते सांग.” शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आमची अरुंद रुळांची गाडी. आता बंद पडली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. तिची गती अशी, की तिच्यात बसलेल्या माणसाला पोचण्याची घाई आहे असं कुणी म्हटलं तर लोक हसत. आईनं तिच्याच गतीनं अकरा मिनिटं सांगितलं. “मंग... गाडी थांबली. मंग थांबलीच ना बाप्पा. कावून थांबली, कोणाले मालूम. मंग मी खिडकीतून पाह्यलं...” इथं आई नऊ सेकंद गप्प बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “बाबा उभेच होते.”

यंत्रानं अकरा मिनिटांची दोन मिनिटं केली. शकुंतलेला एक्स्प्रेस करणं आजवर कुणाला जमलं नव्हतं ते यानं एका झटक्यात केलं. गाडी थांबलीच नाही, कारण थांबणं दोनदा आलं होतं आणि मध्ये शांतता होती. ‘खिडकीतून पाह्यलं बाबा उभेच होते’ हे वाक्य फलाटावरच्या घोषणेसारखं सपाट बाहेर पडलं. खाली अक्षरं उमटली: ‘खाऊन थांबली’. ‘कावून’चं ‘खाऊन’ झालं होतं. वऱ्हाडी माणूस थांबला तर जेवायलाच थांबला असेल, असा यंत्राचा समज दिसतो. आणि ‘बाप्पा’ म्हटल्याबरोबर पडद्यावर गणपती आला, ढोलताशांसकट. आमच्याकडं दर तिसऱ्या वाक्याला बाप्पा येतो हो. दोन मिनिटांत चार वेळा विसर्जन झालं.

हसून झाल्यावर मी भाच्याला विचारलं, ते नऊ सेकंद कुठं गेले?

“मामा, तिथं काहीच नव्हतं. आवाजाची रेघ सपाट होती.”

आता काय बोलणार? मुलीला गाडीत बसवून एक बाप रुळाकडेला उभा होता. माझी आई साठ-पासष्ट वर्षं त्याच्याकडं वळून बघते आहे. तेवढं बघायला तिला नऊ सेकंद लागतात, फार नाहीत. पण रेघ सपाट.

भाच्याचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो. तो म्हणतो, लोकांना धीर नाही. पहिल्या तीन सेकंदांत काही घडलं नाही तर अंगठा वर सरकतो. तो म्हणतो, नवशिका माणूस बावचळतो, त्याला तयार काहीतरी हातात पडलं की हुरूप येतो. आणि शेवटी हुकमाचं पान टाकतो: “पाहिजे असेल त्यानं सेटिंगमध्ये जाऊन शांतता कापणं बंद करावं. सोय ठेवली आहे.”

या शेवटच्या पानावर माझा सर्वांत जास्त राग आहे. नवशिका कोण? ज्याला सेटिंग नावाची खोली घरात आहे हेच माहीत नाही तो. जो तिथं जाऊन कळ फिरवतो त्याला तुमच्या साधनाची गरज उरलेली नाही. ज्याच्यासाठी बनवलं त्यालाच सापडणार नाही अशा जागी सोय ठेवायची, ही रीत मी सरकारी कचेऱ्यांची समजत होतो. नवशिक्याला यंत्र जे देईल ते त्याला अंतिम वाटतं. आपल्या आजीचं बोलणं दोन मिनिटांचंच होतं असं तो धरून चालतो, आणि मोबाईलमधली जागा भरली की मूळ अकरा मिनिटं पुसून टाकतो. आजी काही दुसऱ्यांदा चित्रण द्यायला बसून राहत नाही.

अमरावतीहून परतवाड्याला येताना वलगाव लागतं. तिथंच पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ ला गाडगे महाराज गेले. त्याआधी दीड महिना, ८ नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस स्टेशनात त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून आज आपल्याला ऐकायला मिळतं. बाबांची पद्धत अशी की ते लोकांना प्रश्न टाकत आणि उत्तरासाठी थांबत. उत्तर अर्धवट आलं तर तोच प्रश्न पुन्हा. मध्ये नामाचा गजर, तोही पुन्हा पुन्हा. आता हे कीर्तन आपल्या नवशिक्यांच्या मित्राकडं द्या. थांबणं ही शांतता, ती कापली. प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, कापला. गजर, कापला. लोकांचं उत्तर लांबून आलेलं, म्हणजे मागचा गोंगाट, तो साफ केला. उरलं काय? नगरपालिकेच्या घंटागाडीवर लावतात तसली स्वच्छतेची सूचना. शब्द बाबांचेच, पण समोरचा माणूस गेला, आणि कीर्तन तर अर्धं त्याच्याच तोंडी होतं.

आपल्या मराठीत या कामाला शब्द मोठा छान आहे. सिनेमाच्या पाट्या बघा: ‘संकलन’. कापणं नाही, छाटणं नाही, गोळा करणं. आमच्या भागात तर याचा नमुना सातशे वर्षांचा आहे. परतवाड्याहून फार लांब नाही त्या रिद्धपूरला, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ आहे, तिथं चक्रधरस्वामींच्या मागं त्यांची माणसं जमली आणि म्हाइंभटांनी एकेकाला गाठून, विचारून, स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. तेच ‘लीळाचरित्र’. त्यात एखादी आठवण दोघांनी वेगवेगळी सांगितली असेल तर एक खोडून दुसरी ठेवलेली नाही. ‘वासना’ म्हणून वेगळा पाठही नोंदवलेला आहे. दोनदा आलं म्हणून कापलं नाही हो, दोनदा आलं म्हणून जपलं! म्हाइंभट नवशिक्यांसाठी साधन बनवायला बसले असते तर गुंतवणूकदारांनी त्यांना दारात उभं केलं नसतं, हे मला मान्य आहे.

तेव्हा भाच्यापुढं मी मागण्या ठेवल्या. यंत्रानं सुरुवातीला सगळं ठेवावं. काढायचं ते माणसानं काढावं. कापावंसं वाटलंच तर यंत्रानं विचारावं, ‘आजी इथं नऊ सेकंद गप्प आहेत, ठेवू का?’ आपली पोरं जेवणाऱ्याला विचारल्याशिवाय पान उचलत नाहीत, तेवढी रीत यंत्राला शिकवायला कसली बुद्धिमत्ता लागते? जे कापलं ते एका टोपलीत समोरच ठेवावं, सेटिंगच्या तळघरात नाही. आणि वऱ्हाडी बोलणं समजत नसेल तर खाली खुशाल टिंबं द्यावीत, आमच्या तोंडी भलतं जेवण घालू नये.

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं. इंजिनियर आहे, वाद न घालता कागदावर लिहून घेतो. टोपलीची कल्पना त्याला पटली. विचारून कापण्याला मात्र ‘बघू’ म्हणाला, कारण दर वेळी विचारलं की साधन ‘सोपं’ वाटत नाही म्हणे. मग त्यानं ते कापलेले तुकडे एकत्र करून लावले. अकरा मिनिटांतली नऊ मिनिटं. आई चष्मा लावून बघत बसली. नुसते श्वास, ‘मंग’, ‘हाव ना’, पदर, खिडकीबाहेर बघणं. निम्मं झाल्यावर म्हणाली, “हे बराबर आहे. त्या दोन मिनिटांतली बाई कोण होती?”

भाचा डोकं खाजवत माझ्याकडं वळला. “मामा, बाकी ठीक आहे, पण त्या बाप्पाचं काय करू? ते काढायला गेलो तर सगळ्या गणेशमंडळांचे व्हिडिओ बिघडतात.”

“गणपती राहू दे,” मी म्हटलं, “ढोल तेवढे काढ.”