वेपसाठी ‘सुरक्षित बॅटरी’ कोणती? आधी प्रश्नच तपासू या

पालकसभा संपल्यावर कामोठ्यातले एक वडील मागे थांबले. कॉलेजला जाणाऱ्या मोठ्या मुलाच्या बॅगेत त्यांना वेप सापडला होता. दोनदा काढून घेतला, तरी तिसरा आला. शेवटी हात टेकून ते म्हणाले, “सर, सोडत तर नाही. निदान फुटणार नाही अशी बॅटरी कोणती, ते तरी सांगा.”

प्रश्न बापाच्या काळजीतून आला होता. म्हणून तो हसण्यावारी न नेता आम्ही उत्तर शोधले.

मोठ्या आकाराच्या बऱ्याच वेपमध्ये 18650 नावाचा लिथियम-आयन सेल असतो. तो 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असतो. टॉर्च आणि पॉवर बँकेतही हाच सेल दिसतो. पण कॉइल तापवायला वेप एका दमात खूप करंट ओढतो. सेल किती वेळ पुरेल हे एमएएचवरून कळते, किती करंट सोसेल हे अँपिअरवरून. विकणारा बहुधा पहिलाच आकडा दाखवतो. चांगल्या कंपनीचा असा सेल साधारण 3500 एमएएचच्या आसपास असतो. त्यावर 9900 छापले असेल तर ते खोटे समजावे. जुन्या लॅपटॉपमधले सेल नवे वेष्टन चढवूनही विकले जातात. वेष्टन फाटलेला सेल खिशातल्या किल्ल्यांना किंवा नाण्यांना लागला की शॉर्ट होतो, तापतो आणि पेटतो. अमेरिकेत 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्सासमध्ये वेप फुटून माणसे दगावली आहेत.

आता आपल्याकडचे पाहू. सप्टेंबर 2019 मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जी वस्तू विकणेच गुन्हा, तिच्या सुरक्षिततेची हमी कोण देणार? पावती नाही, वॉरंटी नाही, आणि तक्रार करायला जागाही नाही. म्हणून त्या वडिलांना आम्ही स्पष्ट सांगितले: वेपसाठी सुरक्षित बॅटरी शोधू नका. आणि बॅटरी कितीही चांगली असली तरी निकोटीन काही चांगले होत नाही.

पण बंदी आहे म्हणून घर सुरक्षित झाले, असेही नाही. लपवलेली वस्तू चार्जही लपूनच होते. उशीखाली, गादीत, मध्यरात्री, हाताला लागेल त्या चार्जरने. सेल फुगला किंवा जळका वास आला, तरी मारहाणीच्या भीतीने मुलगा तोंड उघडत नाही. आमच्या मते खरा धोका इथे आहे. मुलाला आधी एवढे कळू द्या की खरे सांगितले तर अब्बा-अम्मी ऐकून घेतील. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर 1800-11-2356 ही तंबाखूमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

लिथियम बॅटरी वेपशिवायही घरात येतेच. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचे मूल गेले. झोपण्यापूर्वी घरातली आग विझवावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजच्या घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी हीसुद्धा त्याच आगीत मोजायला हवी.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळा. सगळे झोपलेले असताना काहीही चार्ज करू नका. बिल्डिंगच्या जिन्यात किंवा दाराशी, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेवर, स्कूटरची बॅटरी लावू नका. पॉवर बँक घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. फुगलेली बॅटरी वापरू नका, टोचू नका. सुट्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यातच द्या. काढून घेतलेला वेपही ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, तोही ई-कचऱ्यातच द्या. आग लागलीच तर आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 ला फोन करा.

ते वडील जाताना म्हणाले, “आज रात्री त्याच्याशी बोलतो.” आम्ही एवढेच म्हटले, “बोलण्याआधी त्याचे ऐका.”