साहेबाची रजा आणि मजुराचा खाडा

जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांनी आपल्या नोकरमंडळींस उपदेश केला की, आठवड्याला ९० तास काम करावे, रविवारीही करावे. घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ पाहत राहणार? शहरातील शिकल्यासवरल्या लोकांनी त्यावर चार दिवस थट्टामस्करी केली आणि विषय संपला. आमचा मात्र संपला नाही. कारण ही भाषा आम्हांस नवी नाही. ‘ह्या लोकांस सुटी कशाला? दिली तर गुत्त्यात घालवतील, नाही तर रानोमाळ भटकतील’ असे बोल आमच्या आज्या-पणज्यांनी गिरणीच्या फाटकात ऐकले, सावकाराच्या ओसरीवर ऐकले आणि कचेरीच्या पायरीवरही ऐकले. रानोमाळ भटकण्याचा हक्क कोणाचा, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

वाचकहो, आपल्या भाषेत कामावर न जाण्याला दोन शब्द आहेत. खुर्चीवर बसणारा कामावर गेला नाही म्हणजे ती ‘रजा’, आणि हातांनी काम करणारा गेला नाही म्हणजे तो ‘खाडा’. रजा मागता येते, साठवता येते, तिचा पगार मिळतो. खाडा पडतो, आणि पडला की कापला जातो. दिवस तोच, सूर्य तोच, माणसाच्या अंगाचा शीणही तोच. फरक पडतो तो हजेरीपुस्तक कोणाच्या हाती आहे ह्याने.

ही रजा आली कोठून ते पाहा. इंग्रजी अंमलात गोऱ्या अधिकाऱ्यास ११ महिने चाकरी केली की १ महिना भरपगारी रजा मिळे, व ती तीन महिन्यांपर्यंत साठवताही येई. तिचे नाव ‘प्रिव्हिलेज लीव्ह’, म्हणजे खास सवलतीची रजा. आज कारखान्यातील आमचा भाऊ ‘पी. एल. टाकली’ म्हणतो ते नाव ह्या साहेबाच्या दप्तरातलेच. ह्या रजेत साहेब काय करी? पुष्कळदा शिकार करी. कोणी काश्मीरच्या पहाडांत मारखोराच्या मागे जाई, कोणी मध्यप्रांताच्या जंगलात वाघासाठी मचाण बांधून घेई. ह्याला कोणी आळस म्हणत नसे. उलट शिकार करणारा साहेब म्हणजे धाडसी व मुलखाची खडान्‌खडा माहिती असलेला अंमलदार, अशी त्याची तारीफ होई. विलायतेत तर १२ ऑगस्टला ग्राऊस नावाच्या पाखरांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, म्हणून त्या सुमारास पार्लमेंटची बैठक आटोपण्याची रीत पडून गेली होती. पाखरे मारण्यासाठी राज्यकारभार थांबवला तर तो रिवाज! आणि त्याच विलायतेतील मजुरांसाठी भरपगारी सुटीचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला तो १९३८ साली.

आता त्या मचाणाखाली कोण होते ते सांगतो. साहेबाची स्वारी यायची म्हटली की गावच्या पाटलाकडे हुकूम येई, इतकी माणसे हाकाऱ्यास हवीत. काढणी चालू असो की मळणी, माणूस खळ्यावरून उठून जंगलात जाई. ढोल, डबे, थाळ्या बडवीत, काठ्या आपटीत, ओरडत रान उठवायचे आणि जनावर साहेबाच्या बंदुकीसमोर आणून सोडायचे. जनावर उलटले तर त्याचा पहिला पंजा मचाणावर पडत नसे, तो हाकाऱ्यावर पडे. दिवस मावळता कोठे दोन-चार आणे हातावर ठेवीत, कोठे तेही नाही. साहेब शहरात परत गेला की त्याचा महिन्याचा पगार शाबूत, आणि वाघाचे कातडे भिंतीवर. आमच्या माणसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. तेव्हा ती रजा भरपगारी होती हे खरे. परंतु तिच्या बोजाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीने नव्हे, हाकाऱ्याने उचलला.

कुमाऊंच्या पहाडात तर ह्याची रीतसर वही होती. सरकारी अंमलदार दौऱ्यावर वा शिकारीवर निघाला की गावाने पाळीपाळीने हमाल द्यायचे, दूध, लाकूड, गवत पुरवायचे; ह्या वेठीला तेथे ‘कुली बेगार’ म्हणत आणि कोणाची पाळी कधी हे गावच्या वहीत लिहिलेले असे. १९२१ च्या मकरसंक्रांतीस बागेश्वरच्या जत्रेत हजारो शेतकरी जमले आणि त्यांनी त्या वह्या शरयू नदीच्या पाण्यात सोडल्या. त्याच वर्षी ती वेठ बंद करणे सरकारास भाग पडले. ज्या पहाडी माणसास लिहितावाचता येत नव्हते त्याला वहीची किंमत बरोबर कळली होती.

देशी संस्थानांत गोरा साहेब नव्हता म्हणून सुख होते असे कोणी समजू नये. मेवाडात १९२१ साली मोतीलाल तेजावत ह्यांनी भिल्ल व शेतकरी ह्यांच्या वतीने २१ मागण्या महाराणांपुढे ठेवल्या. पैकी १८ मान्य झाल्या. ज्या तीन नाकारल्या त्या कोणत्या? एक जंगलाच्या मालाची, दुसरी वेठीची व तिसरी रानडुकरांची. राजाच्या शिकारीसाठी डुकरे राखायची, ती शेतकऱ्याने पिकविलेले खाणार, आणि शेतकऱ्याने त्यावर हत्यार उचलायचे नाही! अलवारमध्येही राखीव कुरणांत अशीच डुकरे पोसली जात होती. तेथेही १९२१ साली शेतकरी उठले, तेव्हा कोठे डुकरे मारण्याची मोकळीक मिळाली. आमच्याकडील दाजीपूरचे जंगल हेही कोल्हापूर दरबारचे राखीव शिकारीचे रान होते, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. शाहू छत्रपतींस शिकारीचा मोठा नाद होता. पण वेठीविरुद्ध हुकूम काढणारेही तेच. ज्याचे माप ज्याच्या पदरात घालावे.

(आज १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंद आहे हे चांगलेच आहे. परंतु रानडुकराच्या पायी रात्ररात्र माळ्यावर बसून जागल करणारा शेतकरी अजून खाली उतरलेला नाही. साहेबाच्या मचाणाला आणि आमच्या माळ्याला लाकडे सारखीच लागतात. साहेबास तेथे बसण्याचा पगार मिळे, आम्हांस सकाळी औताला जावे लागते.)

आता गिरणीकडे येऊ. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आणि रविवारीसुद्धा यंत्रे पुसायला यायचे, असा काळ होता. त्या काळी ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे पाठविला. मागितले काय, तर आठवड्याला एक रविवार, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर आणि अपघात झाला तर पोटापुरती सोय. एवढ्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. २४ एप्रिल १८९० च्या सभेस सुमारे दहा हजार कामकरी आले, दोन बायांनी उभे राहून भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. आज कचेरीतील जे बाबू रविवारी दुपारी बारापर्यंत लोळतात, त्यांच्यापैकी किती जणांस हे नाव ठाऊक आहे? असो. ती सुटी मिळाली, पण मागावर जितके कापड तितका पैसा मिळवणाऱ्या विणकऱ्यास तिचा पैसा नव्हता.

आणि वार्षिक रजा? तिचे तर नावच नव्हते. रत्नागिरीचा गडी शिमग्याला गावी जाई. पालखी नाचवायची, देवाचे मान द्यायचे, आणि कित्येक गावांत सगळ्या वाड्यांनी मिळून पारधीला निघायचे. त्या पारधीत हाकारेही आपलेच आणि वाटाही सगळ्यांचा. वर्षाकाठी एकदा तो माणूस यंत्राचा नव्हे, गावाचा असे. पण परत आल्यावर त्याच्या मागावर बदली उभा! मग जॉबरची मनधरणी करा, त्याच्या हातावर काही ठेवा, आणि पुन्हा उमेदवारासारखे फाटकात उभे राहा. सरकारी कमिशनांनी ह्या माणसाबद्दल मोठमोठे अहवाल लिहिले, ‘हा मजूर अस्थिर आहे, गैरहजर राहतो’ म्हणून. पहाडात मारखोर मारीत बसलेल्या साहेबाच्या गैरहजेरीचा अहवाल आमच्या पाहण्यात नाही.

१९३८ च्या नोव्हेंबर महिन्यातील दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. ७ तारखेस, सोमवारी, मुंबईच्या कामगारांनी डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या व इतर पुढाऱ्यांच्या हाकेस ओ देऊन एक दिवसाचा संप केला. कारण संप करण्याच्या हक्कावरच गदा आणणारा औद्योगिक कलहाचा कायदा येत होता. त्यांनी एका दिवसाची मजुरी सोडली, लाठ्या खाल्ल्या, गोळीबार सोसला. त्यानंतर पाचव्या दिवशी, १२ तारखेस, भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्या मानार्थ शिकार झाली व एका दिवसात ४,२७३ पाखरे पाडली गेली. हा आकडा तेथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. हेच व्हाइसरॉयसाहेब त्या वर्षी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चार महिने रजा घेऊन विलायतेत होते. परत येऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. मजुराने आपल्या हक्कासाठी वर्षात एक दिवस काम सोडले तर देशाचे नुकसान होते, आणि व्हाइसरॉयाने चार महिन्यांच्या रजेवर आणखी एक दिवस बदके मारली तर काहीच होत नाही, हे अर्थशास्त्र कोणत्या शाळेत शिकवतात?

भरपगारी रजा कारखान्यातील मजुराच्या पदरी पडली ती १९४५ च्या दुरुस्तीने: वर्षभर नोकरी केल्यावर दहा दिवस. पुढे १९४८ च्या कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्यास दर २० दिवसांमागे एक दिवस असे ठरले. साहेबाला दर ११ महिन्यांमागे एक, आम्हांस २० दिवसांमागे एक. म्हणजे स्वराज्य आल्यावरही साहेबाच्या जवळजवळ निम्म्या मापाने. २०२० च्या नव्या संहितेने २४० ची अट १८० वर आणली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ही सुधारणा आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण ती ऊसतोड्याच्या फडापर्यंत पोहोचते काय?

पोहोचत नाही. साखर कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होऊन बहुधा उन्हाळ्याच्या तोंडी संपतो. १८० दिवस भरतात कोठे? आणि भरले तरी ऊसतोड्याचे नाव कारखान्याच्या हजेरीवर नसते, ते मुकादमाच्या वहीत असते. त्या वहीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच खाल्लेली, म्हणून अंग बांधलेले. एक दिवस कोयता चालला नाही की खाडा, आणि खाड्याला दंड; पाचशे रुपये रोजाप्रमाणे दंड कापल्याच्या हकीकती छापून आल्या आहेत. म्हणजे येथे मजुरी तर बुडतेच, वर काम न केल्याबद्दल मजुरानेच पैसे भरायचे! २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा बोभाटा झाला. सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक बायांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. दवाखान्यांची लूट, भीती, अज्ञान अशी कारणे पुष्कळ निघाली. परंतु कित्येक बायांनी सरळ सांगितले की, पाळीच्या चार दिवसांत खाडा पडू नये म्हणून. साहेबाची रजा वाघाच्या कातड्याने मोजत. आमच्या बहिणीच्या खाड्याचे माप हे असे!

आता कोणी म्हणेल, रजा द्यावी, पण तिचा सदुपयोग व्हावा. आजार असेल, लग्न असेल, मयत असेल तर द्यावी. हीच खरी मेख आहे. रजेच्या अर्जावर ‘कारण’ म्हणून एक ओळ असते. साहेब तेथे खुशाल ‘शिकार’ लिही. आमच्या माणसाला मात्र जित्या आईला आजारी पाडल्याशिवाय, मेलेल्या चुलत्याला दुसऱ्यांदा मारल्याशिवाय दोन दिवस मिळत नाहीत, आणि मग तेच लोक म्हणतात की मजूर खोटे बोलतो. आमचे म्हणणे असे की, कमावलेल्या रजेत माणूस जत्रेला जाईल, कुस्त्या पाहील, नदीवर गळ टाकून बसेल, नाही तर पिंपळाखाली घोंगडी टाकून झोपेल. बायकोच्या तोंडाकडेही पाहील. त्याचा जाब त्याने मालकाला का द्यावा?

दसऱ्यानंतर उचलीचे सौदे बसतील, टोळ्या निघतील. ज्या घरांतून कोयते जातात त्यांना आमचे सांगणे आहे की, सौदा बोलताना दरासोबत दोन गोष्टी मुकादमाकडून लिहून मागा. पहिली, खाड्याचा दंड आम्हांस कबूल नाही. दुसरी, आठवड्याला एक दिवस कोयता बंद आणि त्या दिवसाची मजुरी कारखान्याने भरायची. एकट्याने मागाल तर मुकादम हसेल व दुसरा कोयता पाहील. म्हणून गावातील सगळ्या टोळ्यांनी एके ठिकाणी बसून आधी ठरवा आणि मगच उचलीला हात लावा. बाया बैठकीला असल्याच पाहिजेत. १८९० च्या सभेत दोन बोलल्या होत्या. येथे तर अर्धा कोयता त्यांचा आहे. आणि ज्या साखर कारखान्यांच्या संचालकांत आपलेच नातेवाईक, आपल्याच जातीचे पाटील-देशमुख बसले आहेत, त्यांच्या दारातही हाच कागद घेऊन जा. ते सहकाराच्या सभेत लोखंड्यांचे नाव घेतात. त्यांना विचारा की, फडात रविवार कधी येणार?