अपराध्याचं नाव घ्या

दर ५ जूनला, पर्यावरणदिनी, कुणी मंत्रिमहोदय रोपाला झारीनं पाणी घालतात आणि माइकवरून सुनावतात, हव्यासापोटी मानवाने निसर्गाचा ऱ्हास केला. ऐकून माझं डोकं फिरतं. कोणत्या मानवाने हो? गडचिरोलीत मोहफुलं वेचणाऱ्या गोंड बाईने, की कागद गिरणीच्या मालकाने?

आपले पूर्वज संत होते, असं मी म्हणत नाही. जंगल तोडूनच शेती उभी राहिली. कुमरीची फिरती शेती करणाऱ्यांनी सह्याद्रीचे उतार भाजले. पण झाडाला धनी होता, आणि त्या धन्याला किंमत होती. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र वाचा. आरमाराला लाकूड हवं, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही. अगदीच जीर्ण झाड असेल, तर धन्याला पैसे देऊन, राजी करून न्यायचं. राजाच्या आरमाराला ही अट! देवराईत तर वाळकी काटकी उचलायचीही छाती नव्हती.

मग इंग्रजाला आधी जहाजांसाठी साग हवा झाला, नंतर रेल्वेसाठी स्लीपर. १८६४ साली वनखातं आलं, १८७८ साली कायदा. काल गावाचं असलेलं रान राखीव झालं आणि गावकरी त्यात चोर ठरला. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतीराव फुल्यांनी डोंगर-गायरानं गिळणाऱ्या या खात्याला फोडून काढलं. आमच्या पर्यावरणप्रेमींच्या यादीत मात्र फुले नसतात. या प्रेमींना वाघ हवा, गुराखी नको.

इंग्रज गेला, त्याचा १९२७चा वन कायदा राहिला. त्यात बांबू, म्हणजे चक्क गवत, झाड म्हणून नोंदला गेला. बुरुडाने तोडला तर गुन्हा. दांडेलीच्या कागद गिरणीला मात्र सरकारने तो दीड रुपया टनाने दिला, हे पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांनी कधीच मांडून ठेवलंय. हव्यास कुणाचा, ते या भावातच कळतं.

२००६ला वनहक्क कायदा आला. २००९ला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना खातं देईना. २०११ साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे तो हाती पडला. १९२७च्या कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळायला २०१७ उजाडलं. जंगलातला बांबू मात्र त्या कायद्याच्या लेखी आजही वनोपजच आहे.