गहाळ दप्तराचा जाब

कोळसा खाणींच्या वाटपाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे चालू असता, केंद्रीय अन्वेषण विभागाला पिंजऱ्यातला पोपट म्हणणारे जे उद्गार मे 2013 मध्ये न्यायपीठावरून निघाले ते लोकांच्या स्मरणात राहिले. परंतु ज्या कृत्यामुळे ते काढावे लागले, त्याचे गांभीर्य मात्र पुरते ध्यानी घेतले गेले नाही. न्यायालयाला मोहोरबंद लखोट्यातून सादर व्हावयाच्या तपास-अहवालाचा मसुदा त्यापूर्वीच कायदामंत्री अश्विनीकुमार यांनी पाहिला होता. पंतप्रधान कार्यालयातील आणि ज्याची चौकशी चालली होती त्या खुद्द कोळसा खात्यातील सहसचिवांनीही त्यात फेरफार सुचविले होते. आणि एवढे होऊनही, अहवाल कोणाला दाखविलेला नाही, असे सरकारी वकिलांनी भर न्यायालयात सांगितले होते. पुढे विभागाच्या संचालकांनी प्रतिज्ञापत्रावर सत्य कबूल केले, अहवालाचा गाभाच बदलल्याचे न्यायालयाने बजावले आणि 10 मे रोजी मंत्र्यांनी राजीनामा दिला.

त्याच वर्षी वाटपासंबंधीच्या अनेक फायली गहाळ असल्याचे उघडकीस आले. त्या फायलींचे आपण रक्षक नाही, असे उत्तर पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत दिले. दप्तराच्या कपाटाची किल्ली पंतप्रधानांजवळ नसते, हे मान्य. परंतु ज्या खात्याचा कारभार काही काळ स्वतः त्यांच्याकडेच होता, त्या खात्याच्या फायलींचा जाब द्यावयाचा कोणी, या प्रश्नाचे उत्तर त्या विधानात नव्हते. निवड समितीने कोणत्या अर्जदाराला कशाच्या आधारे पसंती दिली, शिफारस कोणाची होती, शेरा कोणाचा होता, हे ज्या कागदांवरून कळावयाचे तेच नाहीसे झाले, तर तपास अधिकाऱ्याने जाबजबान्या कितीही घेतल्या तरी त्या पडताळून पाहावयाच्या कशाशी? सप्टेंबर 2014 मध्ये न्यायालयाने 218 पैकी 214 वाटपे रद्द केली खरी. पण वाटप बेकायदा ठरणे निराळे, आणि ते कोणाच्या दडपणाने झाले हे शाबीत होणे निराळे.

1993 च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात, नियम डावलून अभिलेख नष्ट करणाऱ्यास 5 वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र फाइल ‘नष्ट’ न होता केवळ ‘सापडेनाशी’ झाली, की या तरतुदीचा धाक उरत नाही. म्हणून संसदेने या कायद्यात दुरुस्ती करून, चौकशीचा हुकूम निघताच मूळ दप्तर न्यायालयाच्या ताब्यात देणे बंधनकारक करावे, आणि त्यातला कागद गहाळ झाल्यास तो ज्याच्या स्वाधीन होता त्या अधिकाऱ्याला नष्ट करणाऱ्याइतकीच शिक्षा ठरवावी.