खाटेवरून दिसणारे घर

घर बांधायचे ठरले की आपण आधी दर्शनी भागाचा विचार करतो. परंतु ज्याचे उरलेले दिवस खाटेवरच जाणार आहेत, त्याला वास्तूची दर्शनी बाजू दिसतच नाही. त्याला दिसते ते छत, समोरची भिंत आणि असलीच तर खिडकी. हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचे सेवागृह. त्याचा आराखडा या खाटेपासूनच सुरू व्हायला हवा.

डॉ. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शरीराच्या वेदनेइतकीच मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदनाही खरी असते, हा त्यांचा आग्रह होता. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस, ‘शांती अवेदना’, 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र कर्करुग्णांची विनामूल्य सेवा करीत आहे. तेथे रुग्णाजवळ घरचे माणूसही राहते.

खिडकीने काय साधते, असे कोणी विचारील. रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली व ते लवकर घरी गेले. आपल्या रुग्णाला बरे होऊन घरी जायचे नसेलही. पण वेदना थोडी हलकी होणे, हेच तर येथे साधायचे आहे.

उद्या कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात असे सेवागृह बांधायचे ठरले, तर नमुना शोधण्यासाठी फार दूर जायला नको. आपल्याकडील जुन्या घरांचा सोपा आठवावा. म्हातारे माणूस तेथे पडल्यापडल्या येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारी. घराच्या राबत्यात असे, पण कुणाच्या पायात येत नसे. प्रत्येक खोलीपुढे असा सोपा असावा. खाट ढकलत बाहेर नेता यावी म्हणून दार चार फूट रुंद असावे आणि उंबरा नसावा. खिडकीची खालची कड जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर ठेवली, तर पडल्यापडल्याही अंगण दिसते. आपल्याकडचा पाऊस ध्यानात घेऊन छप्पर पुढे वाढवावे. पागोळ्या दिसाव्यात, पण अंथरुण भिजू नये. उताराचा रस्ता एक फूट चढायला बारा फूट लांब हवा. न्हाणीघराचे दार बाहेर उघडावे, म्हणजे आत कोणी पडले तरी ते अडत नाही. दिवा डोळ्यांवर येणारा नसावा.

सोबतीच्या माणसालाही पाठ टेकायला जागा लागते, पेज करायला चूल लागते आणि कोणाच्या नजरेस न पडता रडायला एक कोपराही लागतो. आणखी एक गोष्ट बोलायला जड, पण आराखड्यात आधीच ठरवायला हवी. अखेरचा निरोप मागच्या दाराने, कचऱ्याच्या वाटेने होऊ नये. आपल्या घरातून माणूस पुढच्या दाराने, अंगणातून जातो. येथेही तसेच जावे.

असे सेवागृह प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. बहुतेकांची शुश्रूषा घरीच व्हायची, आणि घरात आजाऱ्याची खाट बहुधा आतल्या अंधाऱ्या खोलीत सरकते. त्यात हेतू वाईट नसतो. त्याला शांतता मिळावी, एवढेच वाटत असते. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती आहे. रुग्णाला दुसरीकडे बसवाल तेव्हा त्या खाटेवर दहा मिनिटे स्वतः पडून पाहा. काय दिसते? कोणाचा आवाज येतो? पाण्याचा तांब्या हाताला लागतो का? मग खाट कोठे हलवायची, हे आणखी कोणाला विचारावे लागणार नाही. मात्र हलवण्यापूर्वी ज्याची ती खाट आहे, त्याला जरूर विचारा.