पाठ केलेले संवाद

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी मुलींचं नाटक असतं. संवाद मी लिहिते, मुली पाठ करतात. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, यातली अम्मी शेवटी गप्पच का राहते? मी दोन वाक्यं लिहू?" मी म्हणाले, "आहे तेवढं नीट पाठ कर." घरी आल्यावर माझंच उत्तर मला बोचत राहिलं आणि नंदिता दास आठवली.

दीपा मेहतांचा 'फायर', फाळणीवरचा 'अर्थ', मराठीत चित्रा पालेकरांचा 'माती माय'. अभिनेत्री म्हणून तिचं नाव झालं होतं. तिथेच थांबली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण इतरांनी लिहिलेलं बोलण्यावर ती थांबली नाही. २००८ साली तिने शुचि कोठारींसोबत 'फिराक' लिहिला आणि स्वतः दिग्दर्शित केला.

गुजरातच्या २००२ च्या दंगलीनंतरचा एक दिवस त्यात आहे. प्रत्यक्ष दंगल जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ती मागे उरलेली माणसं. आडनाव लपवणारा सुशिक्षित समीर, जिवाच्या भीतीने आलेल्या बाईला दार न उघडल्याचा सल घेऊन जगणारी आरती. वली दकनीची मजार जमीनदोस्त झाल्याचं कळल्यावर खचणारे वृद्ध खानसाहेब. वली आपल्या औरंगाबादचा. त्याच्यावाचून उर्दू गझलेचा इतिहास मला शिकवता येत नाही. या चित्रपटातला मुसलमान फक्त बिचारा नाही की खलनायकही नाही. तो शेजारी राहणारा माणूस आहे.

पुढे 'मंटो' (२०१८) आला. अश्लीलतेचे खटले मंटोवर फाळणीच्या आधीही झाले आणि पाकिस्तानात गेल्यावरही. म्हणजे लेखकाचं तोंड बंद करण्यात आपलेही मागे नव्हते. मग 'झ्विगाटो'मध्ये तिने भुवनेश्वरमधला, नोकरी गमावून घरोघरी जेवण पोचवणारा माणूस दाखवला.

काही जण विचारतात, आमची गोष्ट दुसऱ्यांनी का सांगावी? मला हा प्रश्न उलटा वाटतो. तिने सांगितली, प्रामाणिकपणे सांगितली, त्याबद्दल शुक्रिया. पण आपण आपल्या किती मुलींना ती सांगू दिली? मुलगी स्टेजवर उभी राहिली तर आपण टाळ्या वाजवतो. तिने स्वतःचं वाक्य लिहिलं की मात्र आपल्याला 'लोक काय म्हणतील' हे आठवतं. या 'आपण'मध्ये बीएड झालेली, वर्गात रोज 'विचार करा, प्रश्न विचारा' म्हणणारी मीही आले.

यंदा नाटकाची वही मी मुलींकडे देणार आहे. शुद्धलेखन तेवढं तपासेन. त्या नाटकातल्या अम्मीने काय बोलायचं, ते त्याच ठरवतील.