१५ किलोचा रॉड

कॉलेजच्या जिमखान्यात मुलींचा सराव ठरलेला असतो. मैदानाला फेऱ्या, थोडं स्ट्रेचिंग, मग खेळ. वजनं मुलांच्या बाजूला. एखादीनं विचारलंच तर उत्तर तयार असतं: "तुला काय पैलवान व्हायचंय?"

समजा व्हायचंय. मग?

कबड्डीत पकड तोडून मध्यरेषेकडे झेपावणं, खो मिळताच बसल्या जागेवरून सुटणं, व्हॉलीबॉलमध्ये जाळीवर उडी घेणं. या सगळ्यांत घोटा, गुडघा आणि कंबर एका झटक्यात सरळ होऊन जमिनीला रेटा देतात. स्नॅच आणि क्लीन अँड जर्कमध्ये नेमकं हेच घडतं, फक्त हातात वजन असतं. फेऱ्यांनी दम वाढतो, हा झटका वाढत नाही.

उड्या आणि अचानक वळणं असलेल्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातलं एसीएल मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतं. म्हणजे मांड्या आणि कंबर बळकट करण्याची गरज मुलींना जास्त, आणि वजनांपासून लांब ठेवायचं तेही मुलींनाच!

यावर पहिला आक्षेप येतो, "शरीर पुरुषी होईल." मीराबाई चानूनं टोकियो ऑलिंपिकमध्ये दोन्ही प्रकार मिळून २०२ किलो उचलले, तेही ४९ किलो वजनगटात. ताकद वाढली की शरीर फुगतंच असं असतं, तर ती त्या गटात राहिलीच नसती. खरं तर ही काळजी खेळाची नसतेच. ती 'स्थळं येतील का?' याची असते, आणि ती वाहण्याची जबाबदारी जिमखान्यावर कुणी टाकलेली नाही.

दुसरा आक्षेप इजेचा. तो खरा आहे. ही तंत्रं अवघड आहेत, चुकीच्या पद्धतीनं केली तर पाठ आणि खांदा दुखावतो. म्हणून तर शिकवायचं: आधी काठी, मग रिकामा रॉड, मग हळूहळू वजन. बुडण्याची भीती आहे म्हणून पोहायला शिकवायचंच नाही, असं आपण म्हणत नाही. जाणकार प्रशिक्षक नसेल, तर ती कॉलेजची उणीव आहे, मुलीची नाही.

ऑलिंपिकमध्ये महिलांचं वेटलिफ्टिंग २००० साली आलं आणि त्याच वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीनं कांस्यपदक आणलं. त्याला पाव शतक झालं.

महिलांच्या स्पर्धेचा रॉड १५ किलोचा असतो, पुरुषांच्या २० किलोच्या रॉडपेक्षा पकडायला बारीक. तुमच्या जिमखान्यात तो आहे का, विचारा. नसेल तर सगळ्या टीमनं सही करून अर्ज द्या. जिमखान्याची फी भरताना मुलगी म्हणून कुणाला सवलत मिळालेली नाही.